पेपर कोणाचा? मराठी दैनिकांचा इतिहास आणि मालकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं उपसंपादक म्हणून रात्रपाळ्या केल्या. लग्नात, एसटीत, केशकर्तनालयात कुठंही ओळख सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "तुमचा पेपर कोणाचा हो?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा मालकाचं नाव नको असतं. पेपर कुठल्या बाजूचा, हे त्याला हवं असतं. पण मालक कोण, हे आधी नीट कळलं तर बाजूचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो. म्हणून पुन:पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

दैनिकाचा मालक कोण, हे कुठं बघायचं?

शेवटच्या पानाच्या अगदी तळाला. काही पेपरांत ते आतल्या पानावर असतं. चष्म्याशिवाय वाचता येऊ नयेत अशा टायपात दोन-तीन ओळी असतात. आमच्याकडे त्याला प्रिंटलाइन म्हणतात. मजकूर साधारण असा असतो : "हे दैनिक मालक अमुक प्रकाशन प्रायव्हेट लिमिटेड यांच्यासाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमुक प्रेस, एमआयडीसी येथे छापून तमुक पेठ येथे प्रसिद्ध केले. संपादक : अमुक*." खाली फुलीचा अर्थ दिलेला असतो : "पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची." (पीआरबी म्हणजे १८६७चा छापखाने व पुस्तक नोंदणी कायदा. तो आता रद्द झाला आहे, त्याबद्दल पुढं येतंच.)

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'यांच्यासाठी' हा आहे. ज्याचं नाव प्रकाशक म्हणून छापलेलं असतं तो बऱ्याचदा पगारी व्यवस्थापक असतो. तो मालकासाठी प्रकाशित करतो, स्वतःसाठी नाही. छापण्याचं आणि प्रसिद्धीचं ठिकाण वेगळं का, असंही लोक विचारतात. छापखाना गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत असतो आणि कार्यालय गावात असतं, एवढंच त्याचं कारण. एकाच छापखान्यात एका रात्रीत तीन वेगवेगळ्या मालकांचे पेपर छापून निघणं ही जिल्ह्याच्या ठिकाणी रोजची गोष्ट आहे.

ही ओळ पानावर कायमची बसवलेली असते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. मी ज्या एका जिल्हा दैनिकात होतो तिथले संपादक राजीनामा देऊन गेले आणि त्यांचं नाव पुढचे आठ दिवस तसंच छापलं जात राहिलं. नवव्या दिवशी बदनामीची नोटीस आली, ती त्यांच्या घरी. रात्री अकराला त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या रात्रीपासून मी पान छपाईला सोडताना पहिली बातमी नंतर वाचायचो, तळाची ओळ आधी.

मार्चमध्ये छापून येतं ते 'फॉर्म नंबर ४' म्हणजे काय?

तो मालकीचा वार्षिक दाखला आहे. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६च्या नियमांमधल्या आठव्या नियमानुसार तो फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात छापायचा असे. 'वृत्तपत्राच्या मालकीसंबंधी व इतर तपशिलासंबंधी निवेदन' अशा मथळ्याचा छोटा तक्ता असतो. त्यात प्रसिद्धीचं ठिकाण, दैनिक की साप्ताहिक, मुद्रक-प्रकाशक-संपादकांची नावं, राष्ट्रीयत्व आणि पत्ते येतात. शेवटचा रकाना कामाचा. एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त वाटा असणाऱ्या भागीदारांची किंवा भागधारकांची नावं त्यात द्यावी लागतात.

ही व्यवस्था पहिल्या प्रेस कमिशनमुळे आली. १९५२ ते ५४ या काळात न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली हा आयोग बसला होता. देशात नेमके किती पेपर निघतात आणि ते कोणाचे आहेत, याचा एका जागी हिशेबच नव्हता. आयोगाच्या शिफारशीवरून वृत्तपत्र निबंधकाचं कार्यालय १ जुलै १९५६ला सुरू झालं. ज्याला सगळे आरएनआय म्हणत आले ते हेच.

तक्त्याला एक पळवाट मात्र आहे. भागधारक म्हणून दुसऱ्या कंपनीचं नाव असेल तर तिथं फक्त तिचंच नाव दिसतं. त्या कंपनीमागं कोण, हे बघायला कंपनी निबंधकाकडची कागदपत्रं काढावी लागतात. तिथं तिसरी कंपनी भेटली तर आणखी एक जिना. निवांतपणा असेल त्यानं चढावा.

मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक : ही चार नावं कशाला?

तुरुंगात कोणाला टाकायचं ते सरकारला सोपं जावं म्हणून. हा विनोद नाही. 'छापखाने व पुस्तक नोंदणी कायदा' १८६७चा. बंडानंतर दहाच वर्षांनी केलेला. छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण हवं, वर्तमानपत्र काढायचं तर दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र हवं, अशी त्याची रचना होती. एकदा प्रतिज्ञापत्रावर नाव आलं की 'हा मजकूर माझा नव्हे' हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर.

१८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात याचं उदाहरण दिसतं. आरोपीच्या पिंजऱ्यात टिळक एकटे नव्हते. 'केसरी'चे मुद्रक म्हणून केशव महादेव बाळ यांनाही उभं केलं होतं. नऊ जणांची ज्युरी होती. सहा जणांनी टिळकांना दोषी धरलं, तिघांनी नाही, आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाळ सुटले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना जेमतेम अर्धी ओळ मिळते. पण छपाईच्या खिळ्यांच्या पेट्यांमध्ये आयुष्य काढलेला तो माणूस केवळ नाव छापलं होतं म्हणून तिथं उभा होता.

स्वातंत्र्यानंतरही तत्त्व तेच राहिलं, फक्त धार बोथट झाली. संपादक म्हणून ज्याचं नाव छापलंय तोच मजकूर निवडतो, असं कायदा गृहीत धरे. 'मुख्य संपादक', 'समूह संपादक' या पदांना ते गृहीतक आपोआप लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली केरळमधल्या एका दैनिकाच्या प्रकरणात सांगितलं. प्रिंटलाइनमध्ये भारदस्त पदव्या वेगळ्या आणि फुली वेगळ्याच नावावर, असं का दिसतं ते यातून कळेल.

तो १८६७चा कायदा अजून आहे का?

नाही. त्याच्या जागी 'प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३' आला आणि १ मार्च २०२४पासून लागू झाला. दंडाधिकाऱ्याच्या कचेरीतले प्रतिज्ञापत्राचे हेलपाटे संपले, नोंदणी ऑनलाइन झाली आणि आरएनआयचं नाव बदलून महाप्रेसनिबंधकाचं कार्यालय झालं. लोक अजून आरएनआयच म्हणतात आणि बराच काळ म्हणत राहतील.

पहिल्या पानावर लिहिलेलं स्थापनेचं साल खरं असतं का?

खरं असतं, पण अनेकदा ते दैनिकाचं साल नसतं. आपल्याकडची जुनी दैनिकं बहुतेक साप्ताहिक म्हणून जन्मली. 'ज्ञानप्रकाश' पुण्यात १८४९ला निघाला, दैनिक झाला १९०४ साली. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ला मंगळवारी निघाला आणि पुढं कित्येक दशकं तो मंगळवारचा पेपरच होता. मग अर्धसाप्ताहिक, मग दैनिक. कोल्हापूरचा 'पुढारी' ग. गो. जाधवांनी आधी साप्ताहिक काढला आणि १९३९पासून दैनिक केला. 'लोकमत'चं मूळ यवतमाळचं. बापूजी अणे यांनी १९१८मध्ये साप्ताहिक काढलं होतं. ते नाव पुढं जवाहरलाल दर्डांनी चालवलं आणि १५ डिसेंबर १९७१ला नागपुरातून दैनिक सुरू झालं.

म्हणजे नाव एक, पण मधल्या काळात मालक, गाव आणि वारंवारता तिन्ही बदललेली. शतकमहोत्सवाची पुरवणी हातात आली की शंभर वर्षं कशाची मोजलीत, एवढं बघावं. 'सकाळ', 'लोकसत्ता', 'महाराष्ट्र टाइम्स' यांच्या बाबतीत हा घोळ नाही. पहिला अंक १९३२, १९४८ आणि १९६२चा, आणि तिन्ही जन्मापासून दैनिकं.

'केसरी' टिळकांचाच होता ना?

सुरुवातीला नव्हता. हे ऐकून लोक दचकतात.

'केसरी' ही मित्रांची सामाईक मालमत्ता होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून पुण्यात आले, १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघालं, आणि वर्षभरात त्याच मंडळींनी आर्यभूषण छापखाना आणि दोन पत्रं उभी केली : रविवारी इंग्रजी 'मराठा', मंगळवारी मराठी 'केसरी'. छापखान्याचं सामान शाळेच्या या मास्तरांनी स्वतःच्या हातांनी हलवलं, असं सांगतात. 'केसरी'चे संपादक आगरकर होते. टिळकांकडे 'मराठा' होता.

वर्षभरात पहिला दणका बसला. कोल्हापूरच्या छत्रपतींना छळलं जातंय आणि त्यामागं दिवाण बर्वे आहेत, असा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे सुटले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. खरं तर बातमीदारीच्या दृष्टीनं ही चूकच होती, कागद न तपासता छापल्याची. पण पेपरचं नाव घराघरांत गेलं ते या चुकीमुळे.

सामाईक मालकीची अडचण पुढं दिसली. आगरकरांना समाजसुधारणेवर आसूड ओढायचा होता, सहकाऱ्यांना ते पचत नव्हतं. पेपर सगळ्यांचा, म्हणजे संपादकाच्या लेखणीवर सगळ्यांचा हात. १८८७ साली आगरकर बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. 'केसरी'ची सूत्रं टिळकांकडे आली. मग टिळकांनीही १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि वाटणीचा प्रश्न आला. छापखाना एकीकडे गेला. पत्रं गेली वासुदेवराव केळकर आणि टिळकांकडे, अंगावरच्या कर्जासकट. लवकरच टिळक एकटे मालक राहिले. हे १८९१च्या सुमारास. म्हणजे ज्याला आपण टिळकांचा 'केसरी' म्हणतो तो त्यांना मिळाला तेव्हा तोट्यातला धंदा होता. लॉचे वर्ग चालवून त्यांनी स्वतःचा चरितार्थ भागवला.

१९०५मध्ये त्यांनी बडोद्याच्या सयाजीरावांकडून पुण्यातला गायकवाड वाडा घेतला, तोच आजचा केसरी वाडा. १९०८मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून सहा वर्षं मंडालेला जावं लागलं. मालक-संपादक सहा वर्षं ब्रह्मदेशात, तरी पेपर निघत राहिला. माझ्या मते 'केसरी' व्यक्तीचा न राहता संस्थेचा झाला तो इथं. १९२०मध्ये टिळक गेल्यावर न. चिं. केळकर, पुढं टिळकांचे नातू ग. वि. केतकर, जयंतराव टिळक असे संपादक आले. मालकी केसरी-मराठा संस्थेकडे म्हणजे ट्रस्टकडे राहिली.

'मराठा' टिळकांचा की अत्र्यांचा?

दोन्ही. टिळकांचा इंग्रजी साप्ताहिक, १८८१चा. आचार्य अत्र्यांचा मराठी दैनिक, १५ नोव्हेंबर १९५६चा, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धुमाळीतला. नावाशिवाय संबंध नाही.

तसंच 'तरुण भारत'चं. बेळगावचा 'तरुण भारत' बाबुराव ठाकुरांचा. नागपूरचा 'तरुण भारत' वेगळा, ग. त्र्यं. माडखोलकर त्याचे संपादक होते आणि त्याचा मालक नरकेसरी प्रकाशन. एकाच भाषेत किंवा एकाच राज्यात सारखं नाव नव्यानं देऊ नये, असा नोंदणीचा नियम आहे. पण ही नावं त्या नियमाच्या आधीची. सीमाभागातल्या वाचकाला 'तरुण भारत' म्हणजे बेळगावचाच वाटतो आणि विदर्भातल्याला नागपूरचाच, त्यामुळे दोघांचं भांडण व्हायचा प्रसंग सहसा येत नाही.

'सकाळ' कोणी काढला आणि तो पवारांकडे कसा गेला?

डॉ. नानासाहेब परुळेकरांनी, १ जानेवारी १९३२ला पुण्यात. ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. त्या काळच्या पुण्यात पेपर म्हणजे अग्रलेख. बातमी ही अग्रलेखाची पायरी. परुळेकरांनी हे उलटं केलं. गावोगावचे बातमीदार, नळाला पाणी आलं की नाही इथपर्यंतच्या बातम्या. विद्वान मंडळींनी नाकं मुरडली, खप वाढला.

मालकीच्या दृष्टीनं या पेपरची सगळ्यात मोठी गोष्ट पुण्यात नाही, दिल्लीत घडली. १९५६मध्ये संसदेनं किंमत आणि पानं यांचा कायदा केला आणि १९६०मध्ये त्याखाली आदेश काढला. कल्पना अशी : मोठे पेपर जास्त पानं कमी किमतीत देतात, त्यात छोटे मरतात. म्हणून कोणत्या किमतीला किती पानं द्यायची ते सरकार ठरवणार. पुरवणी काढायलाही सरकारला विचारायचं.

'सकाळ' तेव्हा आठवड्यातले पाच दिवस सहा पानी आणि एक दिवस चार पानी निघे. म्हणजे रविवार सोडून ३४ पानं, किंमत सात नये पैसे. आदेशाप्रमाणे सात नये पैशांत २४ पानंच देता येत होती. दहा पानं कापा, नाहीतर किंमत आठ नये पैसे करा. आज एका नव्या पैशाचं हसू येईल. पण दारात रोज रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत एक नया पैसा म्हणजे किती अंक परत येणार, हे विक्रेत्याला विचारा.

मग कंपनी, परुळेकर दाम्पत्य आणि दोन वाचक सर्वोच्च न्यायालयात गेले. माणसं का सोबत घेतली? कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्य घटनेनं 'नागरिकांना' दिलंय आणि कंपनी नागरिक नसते. मला ही या खटल्यातली सर्वांत सुंदर बाब वाटते : पेपरचा मालक कागदोपत्री कंपनी, पण बोलायचा हक्क मागायला हाडामांसाची माणसं लागली, आणि त्यात दोन जण तर फक्त पेपर वाचणारे. सप्टेंबर १९६१मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी. पेपर किती पानांचा आणि किती लोकांपर्यंत, हे अभिव्यक्तीचाच भाग आहेत. धंद्याचं नियमन म्हणून त्यांना कात्री लावता येणार नाही, असा त्याचा गाभा. कायद्याचं ते कलम आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

छोट्या पेपरांची अडचण खोटी होती का? अजिबात नाही. त्या निकालानंतर साखळी दैनिकांच्या स्वस्त, जाड अंकांपुढे जिल्हा पेपरांची किती दमछाक झाली ते मी आतून बघितलंय. तरी किती पानं छापायची ते सरकारनं ठरवावं, हे मला आजही मान्य नाही.

आता पवारांचं. परुळेकर ८ जानेवारी १९७३ला गेले. १९८५मध्ये कंपनीची सूत्रं पवार कुटुंबाकडे आली. सूत्रं हाती घेणारे प्रताप पवार हे शरद पवारांचे धाकटे भाऊ. शेअरच्या हस्तांतरणावरून संस्थापकांच्या कन्येचा कंपनीशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००५मध्ये निकाली निघाला. खासगी कंपनीचा शेअर बाजारात उभा राहून विकता येत नाही. आधी कोणाला विचारायचं, हे कंपनीच्या नियमावलीत असतं. पेपरच्या मालकीचे वाद बातम्यांवरून कमी आणि या नियमावलीवरून जास्त होतात.

ट्रस्ट, खासगी कंपनी, शेअरबाजारातली कंपनी : वाचकाला काय फरक पडतो?

माहिती मिळण्यात पडतो. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तिमाहीला कोणाकडे किती शेअर ते जाहीर करावं लागतं. 'दिव्य मराठी' २०११मध्ये औरंगाबादेत आला तो डी. बी. कॉर्पचा, म्हणजे 'दैनिक भास्कर'वाल्यांचा. ती नोंदलेली कंपनी आहे, तिची आकडेवारी कोणीही घरबसल्या पाहू शकतो. 'महाराष्ट्र टाइम्स'ची बेनेट कोलमन आणि 'लोकसत्ता'ची इंडियन एक्सप्रेस बाजारात नोंदलेल्या नाहीत, तिथं निबंधकाकडच्या कागदांवरच भागवावं लागतं. 'इंडियन एक्सप्रेस'चे मालक रामनाथ गोएंका १९९१मध्ये गेले, मग घराण्यात वाटणी झाली. दक्षिणेतल्या आवृत्त्या एकाकडे गेल्या, मुंबई-दिल्लीकडच्या दुसऱ्याकडे. 'लोकसत्ता' विवेक गोएंकांच्या वाट्यात राहिला. त्या दिवशी वाचकाला अंकात काहीही वेगळं दिसलं नसणार.

राजकारण्यांचे पेपर ओळखायचे कसे?

काही लपवतच नाहीत, ते बरे. 'सामना' १९८०च्या दशकाच्या अखेरीस निघाला तेव्हापासून तो शिवसेनेचा, २०२२च्या फुटीनंतर ठाकरे गटाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मालक प्रबोधन प्रकाशन, पहिले संपादक बाळासाहेब ठाकरे. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाल्यावर संपादक म्हणून रश्मी ठाकरे यांचं नाव आलं, २०२२मध्ये पुन्हा उद्धव यांचं. अग्रलेखांमुळे चर्चेत असतात ते संजय राऊत मात्र कार्यकारी संपादक. 'प्रहार' २००८ला नारायण राणेंनी काढला. दर्डा कुटुंबातले वडील आणि मुलगे काँग्रेसकडून मंत्री, खासदार राहिलेले आहेत, तेही जगजाहीर.

अवघड असतात ते जिल्ह्याचे पेपर. मालक म्हणून एक अनोळखी नाव आणि छापखाना साखर कारखान्याच्या वाटेवर. तिथं प्रिंटलाइन वाचून भागत नाही, जाहिराती वाचाव्या लागतात. वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा कोणाला, आणि निवडणुकीच्या महिन्यात कोणाचा फोटो एकदाही येत नाही, हे दोन कागद शेजारी ठेवा.

ज्यांच्याकडे भांडवल नव्हतं त्यांनी पेपर कसे चालवले?

ओढाताणीत. कृष्णराव भालेकरांनी १८७७ला 'दीनबंधु' पुण्यात काढला. तो पुढं नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०चा, पाक्षिक. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून तो उभा राहिला. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं. बाबासाहेब तेव्हा सरकारी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'नं नकार दिला, हे बाबासाहेबांनी नंतर स्वतः नोंदवलं आहे. बाबासाहेब लंडनला गेल्यावर 'मूकनायक' फार टिकला नाही. १९२७ला 'बहिष्कृत भारत' निघाला तेव्हा स्तंभच्या स्तंभ ते एकटे लिहीत होते.

केसरी वाड्यात मंगळवारी लोक जमायचे हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच अंकात जाहिरातीची चार इंच जागा कोणाला नाकारली गेली, हेही त्याच इतिहासात मोडतं.

परदेशी माणूस मराठी दैनिकाचा मालक होऊ शकतो का?

पूर्ण नाही. बातम्यांच्या छापील माध्यमात २००२पासून २६ टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणूक चालते, तीही सरकारची मंजुरी घेऊन.

मालक संपादकाला फोन करून सांगतो का, काय छापायचं ते?

माझ्या नोकरीत असे फोन दोन-तीनच आले. गरजच पडत नाही. नव्या उपसंपादकाला पहिल्या महिन्यात कळतं की अमुक बँकेची बातमी 'वर विचारून' लावायची. हे कुणी सांगत नाही, जुन्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं. उलटीही उदाहरणं आहेत. गोविंद तळवलकर १९६८ ते १९९६ 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते. अठ्ठावीस वर्षं एका खुर्चीत बसणारा संपादक मालकांनाही सहज हलवता येत नाही. आता तसा मुक्काम कोणाला मिळत नाही. तीन वर्षांत संपादक बदलतो, फॉर्म नंबर ४ वरचं मालकाचं नाव तेच राहतं.

जुने अंक कुठं बघायला मिळतील?

कायद्यानं दैनिकांच्या प्रती चार मोठ्या ग्रंथालयांकडे जायला हव्यात : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. ग्रंथांसाठीचा हा कायदा १९५४चा, त्यात वर्तमानपत्रं दोन वर्षांनी घातली गेली. त्याआधीच्या अंकांसाठी पेपरांची स्वतःची संग्रहालयं आणि जुनी नगरवाचनालयं हाच आधार.

जाताना एक काळजी घ्या. बांधीव फायलींत न्यूजप्रिंट पिवळा पडून कुरकुरीत होतो आणि कडा बोटांवर भुग्यासारख्या येतात. सगळ्यात आधी तुटतो तो पानाचा तळ. म्हणजे नेमकी प्रिंटलाइनच. मालकाचं नाव शोधायला आला असाल तर जानेवारीपासून पानं उलटत बसू नका. थेट मार्चचा पहिला अंक मागा, तिथं मालकीचा तक्ता बहुधा पानाच्या मध्यावर असतो.